ताड चार बोटं डावीकडे

बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवर दर्पणचा बाप सतरा वर्षं हेल्मेट घालून उभा होता आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी तो तिथे नव्हता. बाप म्हणजे खरा बाप नव्हे. खरा बाप, एकनाथ, जाऊन सहा वर्षं झाली. गेटवर होता तो पत्र्यावर रंगवलेला कामगार, आणि त्याचं नाक तेवढं एकनाथचं होतं. दर्पण पहिल्यांदा असलं पोस्टर काढायला बसला तेव्हा कामगाराला तोंड कुठलं द्यायचं ते त्याला सुचेना, म्हणून समोर पेपर वाचत बसलेल्या बापाचं नाक देऊन टाकलं, आणि मग सवयच लागली. तारापूरच्या चाळीसेक कारखान्यांत एकनाथ भिंतीभिंतीवर उभा राहिला. गॉगल लावा, हातमोजे घाला, ओल्या फरशीवर धावू नका. गंमत म्हणजे खुद्द एकनाथने उभ्या नोकरीत हेल्मेट कधी डोक्याला लावलं नाही. तो त्यातून चिकू घरी आणायचा. आता त्याच्या जागी एक गुळगुळीत कामगार आला होता. दात एकसारखे, हनुवटीला खड्डा आणि मागे डोंगर, त्या डोंगरावर चक्क बर्फ. दर्पण स्कूटर थांबवून, हँडलला दुधाची पिशवी तशीच लटकत ठेवून, त्या बर्फाकडे बघत राहिला. वॉचमन म्हणाला, "साहब, आगे बढ़ो, टँकर आ रहा है." दर्पण पुढे गेला.

तसं त्याला काही हे नवीन कळत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच कुशल नावाच्या साहेबांचा फोन आला होता, आणि हे कुशल साहेब फार सभ्य. दर्पणजी, तुमचं काम उत्तमच होतं, पण आता आमचं आम्हीच कॉम्प्युटरवर करून घेतो, तीन मिनिटांत होतं, असं ते इतक्या मायेने म्हणाले की दर्पण त्यांना "अरे वा, छान झालं" म्हणून बसला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच तेराव्याला जेवून आलो. मग एकेक करून सगळ्यांनीच मायेने फोन केले. पाठ्यपुस्तकांचं काम त्याआधीच गेलं होतं. लोकांनी विचारलं की तो म्हणे, "जरा ब्रेक घेतलाय," आणि हे वाक्य तोंडात इतकं बसलं की एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा आतल्या म्हाताऱ्यालाही त्याने तेच सांगितलं. दिवसभर घरात सापडणारा धडधाकट माणूस ही बिल्डिंगला मोठीच सोय होती. बी विंगमधल्या झाडून सगळ्यांची पार्सलं त्याच्याकडे येऊ लागली. कोणाचा मिक्सर, कोणाच्या चपला, कोणाचं कसलंसं चूर्ण. कोण काय मागवतं, कोण परत करतं, कोणाचं नवऱ्यापासून लपवायचं, हे सगळं त्याला कळलं आणि यातलं काहीच आपल्याला चितारता येणार नाही याचंही वाईट वाटलं. टॅबलेट उघडायचा, पेन हातात घ्यायचं, एक नाक काढायचं, पुसायचं, की बेल वाजायचीच.

त्याची बायको रूपल पालघरच्या एका शाळेत गणित शिकवत होती आणि घरातही तिचं बोलणं उत्तरासारखं असे, दोन ओळींत संपणारं. ती त्याला लागेल असं काही बोलली नाही. नुसतं म्हणाली की हर्षितने विचारलंय. हर्षित तिचा धाकटा भाऊ. पालघरात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि तालुक्यातल्या यच्चयावत पुढाऱ्यांचे वाढदिवस त्याच्याकडूनच साजरे होत. एका खुर्चीची जागा रिकामी होती. एक ऑगस्टपासून ये, जिजू, एसी आहे, असा निरोप होता. दर्पणने डोळ्यांसमोर आणून बघितलं: आपण एसीत बसलोय आणि एका पुढाऱ्याच्या गालावरचा तीळ ठेवायचा की काढायचा हे त्याच्या भाच्याला विचारतोय. त्याला नकोसं झालं. पण खरं सांगायचं तर ते खुर्चीमुळे नव्हतं. चांगली नोकरी होती, नाक मुरडण्यासारखं तीत काही नव्हतं. ते होतं गेटवरून उतरवलेल्या बापामुळे. वीस वर्षं काम केलं आणि आज या साऱ्या मुलखात आपण उभी केलेली एकही गोष्ट जाग्यावर नाही. उद्या मेलो तर लोक म्हणतील, पार्सलं घेणारे ते गेले. एक भिंत हवी, त्याला वाटलं, एकच, जी कोणी तीन मिनिटांत उतरवणार नाही आणि जिच्यावर बापाचं काहीतरी राहील. असं वाटून तो स्वतःच दचकला, कारण असल्या मोठ्या इच्छा त्याला सहसा होत नसत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रखमाआत्याचा निरोप आला की बोंबील सुकून तयार आहेत, घेऊन जा. आत्या म्हणजे एकनाथची थोरली बहीण, वय ऐंशीच्या आगेमागे, दातिवऱ्याला राहायची. एकनाथही तिथलाच. त्याची स्वतःची बोट होती, दर्यावर जायचा, आणि मग दर्पण नऊ वर्षांचा असताना बोट विकून तारापूरला कंपनीत हेल्पर म्हणून लागला. तेव्हापासून दातिवऱ्यात त्यांच्या घराला 'कंपनीवाले' म्हणत. यात शिवी काही नव्हती, पण मायाही नव्हती. दर्पण वर्षातून दोनदा जायचा, आत्याच्या ओट्यावर बसायचा, त्याचं शहरी 'आहे' आणि 'नाही' ऐकून पोरं हसायची, आणि तो बोंबील घेऊन परत यायचा. त्या दिवशीही तसंच व्हायचं. पण पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचा काळ होता, बोटी वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, पुरुषमाणसं रिकामी, जाळी तुणत बसलेली, आणि मच्छीमार सोसायटीच्या गोदामाची लांबलचक भिंत, पुढे पडवी असलेली, नुकताच चुना मारून पांढरीधोप उभी होती. सोसायटीचे चेअरमन दिनानाथ तांडेल हातात काळ्या रंगाचा डबा घेऊन तिच्यासमोर विचार करत होते. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि दिनानाथ तर साऱ्या किनाऱ्याचे प्रमुख असल्यासारखे वागत. ते भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं लिहिणार होते आणि 'लघवी' मोठी काढावी की 'नये' मोठं काढावं इथे अडले होते. दर्पणने विचारही केला नाही. "काका, ही भिंत मला द्या," तो म्हणाला, आणि आपला आवाज आपल्याला न विचारताच निघाला याचं त्याला नवल वाटलं.

सोसायटीला अर्ज लागतो. दर्पणने घरी जाऊन चार पानी अर्ज लिहिला, त्यात लोकसहभाग होता, सामूहिक स्मृती होती, किनारपट्टीचा दृश्य-वारसा होता. दिनानाथांनी तो पडवीत बसून सबंध वाचला, ओठ हलवत, आणि शेवटी विचारलं, म्हणजे चित्रं काढनार ना? दर्पण हो म्हणाला. मग तसं लिव, असं म्हणून त्यांनी चार पानं परत केली. दुसऱ्या अर्जात एकच ओळ होती आणि ती मंजूर झाली. रंगाचं काय, तर तेही सुटलं, कारण बोटी रंगवून उरलेले डबे घरोघर पडलेले असतात: निळा, हिरवा, पिवळा, थोडा लाल. इतक्या रंगांत समुद्रावरची कोणतीही गोष्ट काढता येते, आणि नाही आलीच तर तिला निळी करायची.

काय काढायचं हे त्याला रात्रभर डोकं खाजवून नव्हे, तर आत्याच्या ओट्यावर चहा पिताना सुचलं. आत्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होती, त्यात खूण हा शब्द आला. भर दर्यात पाटी नसते, रस्ता नसतो. जिथे मासळी हमखास लागते ती जागा पुन्हा सापडायची तर किनाऱ्याकडे बघायचं. देवळाचा कळस अमुक झाडामागे आला की एक रेघ झाली. डोंगराचं टोक तमुक गोष्टीवर आलं की दुसरी रेघ. दोन्ही एकदम जुळल्या की टाक जाळं. आता जीपीएस आलं, फोन आला, तरी जुनं माणूस मान वळवून एकदा किनारा बघितल्याशिवाय जाळं सोडत नाही. दर्पणने कप खाली ठेवला. प्रत्येक घराची खूण! प्रत्येक घराला भिंतीवर एक चौकोन, हात-दीड हाताचा, आणि त्यात त्या घराच्या जागेवरून किनारा कसा दिसतो ते चित्र, खाली बोटीचं नाव. सारा गाव समुद्रातून स्वतःकडे बघतोय. त्याने उठून ओट्यावरच फेऱ्या मारल्या. आत्या त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती. एवढंच म्हणाली की एकनाथला टायफॉईड झाला होता त्या साली बाबाबरोबर महिनाभर मीच दर्यात गेलते, बायकांतली पहिली, आणि मग सुनेने आणलेल्या चहाला नावं ठेवायला लागली.

मग पुढचे पाच आठवडे दर्पणच्या आयुष्यातले सर्वांत मानाचे गेले. रोज सकाळी बोईसरहून स्कूटरने निघायचं, पडवीत स्टूल टाकून बसायचं, आणि घरोघरची माणसं एकेकटी यायची. एकेकटीच. कोणी दुसरा असला की येत नसत. आधी इकडेतिकडे बघत, मग त्याला गोदामात नेऊन दार लोटून घेत, आणि दर्पणच्या कानाशी वाकून, तंबाखूच्या वासात, अशी खूण सांगत की बापरे. "कळस पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला, आनि मोबाईलचा टावर एकट्या ताडावर. कोनाला बोलू नुको." एकाने तर सांगताना डोळ्यांत पाणी आणलं. कोणी मेलेल्या आज्याची शपथ घातली. दर्पण भारावून गेला. घरी जाऊन रूपलला म्हणाला की ही माणसं मला पोटातलं काढून देतायत, तुला कल्पना नाही, मी त्यांचा कोण लागतो, तरी. त्या उत्साहात त्याने पार्सलं घेणं बंद केलं आणि बी विंगमध्ये त्याच्याबद्दल वाईट बोललं जाऊ लागलं. तेवीस घरं, तेवीस चौकोन. सहा-सहाच्या चार ओळी आखल्या होत्या म्हणून एक चौकोन शेवटी उरत होता. तिथे सोसायटीचं नाव घालू, असं त्याने ठरवलं. ठरवलं तरी ते नाव लिहायला घेणं तो रोज पुढे ढकलत होता.

कारण त्याच्याकडे एक खूण होती. होती की नव्हती, हेही त्याला धड माहीत नव्हतं. नऊ वर्षांचा असताना, बोट विकायच्या आदल्या दिवशी, बापाने त्याला बरोबर नेलं होतं, दोघंच. तो उलट्या करून करून आडवा झाला होता एवढंच त्याला इतकी वर्षं आठवायचं, आणि घरात ही गोष्ट हसायसाठी सांगितली जायची. पण आता रोज कळस आणि ताड काढता काढता मागचं एकेक वर यायला लागलं. बापाने इंजिन बंद केलं होतं. पाण्याचा चबक चबक आवाज तेवढा. मग बापाने त्याची हनुवटी धरली, डिझेलचा वास असलेल्या हाताने, घट्ट, आणि त्याचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं. कळस जोडताडांच्या बरोबर मधे. आता इकडे. काळदुर्गाचं टोक बेटाच्या शेपटावर. दिसलं? दिसलं. परत सांग. त्याने सांगितलं आणि परत ओकला. बाप मग म्हणाला होता की हे कोणाला बोलायचं नाय, आणि तो बोलला नाही. उघडच आहे, कोणी विचारलंच नव्हतं. आता नवल याचं वाटत होतं की बोट विकणारा माणूस, उद्यापासून कंपनीत जाणारा, पोराची हनुवटी धरून हे का शिकवेल. त्याचं करायचं काय होतं पोराने? हनुवटीवर ती बोटं अजून जाणवत आणि दर्पण दाढी करताना तिथे जरा जपून ब्लेड फिरवी.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, वीस चौकोन रंगवून झाल्यावर, त्याला हौस आली की उद्घाटनाला एक नकाशाही लावावा. जेवणाच्या टेबलावर तालुक्याचा मोठा नकाशा पसरून, रूपलची कंपासपेटी घेऊन, तो रेघा मारायला बसला. खुणेच्या दोन गोष्टी जोडून एक रेघ, दुसऱ्या दोन जोडून दुसरी, जिथे कापतात तिथे लाल टिंब. पहिलं टिंब दिनानाथ तांडेलांचं, त्यांची सुप्रसिद्ध पापलेटची जागा. ते उमरोळी स्टेशनावर पडलं. दर्पणने खोडलं, पट्टी नीट धरली. परत उमरोळी. दुसऱ्या घराची रावसाची जागा माहीम रस्त्याच्या वळणावर एका मंगल कार्यालयात निघाली. तिसरीच्या रेघा समांतर जाऊन कुठेच भेटेनात. शपथ घालणाऱ्याच्या मेलेल्या आज्याची जागा शिरगावच्या किल्ल्याच्या आत होती, आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्याची तर खुद्द बोईसरात, त्यांच्याच बिल्डिंगच्या मागे दोनशे मीटरवर. रात्री नऊपर्यंत बावीस टिंबं झाली. त्यांतली अठरा जमिनीवर होती. उरलेली चार समुद्रात होती ती बहुधा चुकून. रूपल वह्या तपासत होती, ती उठून आली, चष्मा कपाळावर घेऊन तिने सगळ्या रेघा एकदा पाहिल्या आणि म्हणाली, "भूमिती बरोबर आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पापलेट आणायला उद्या उमरोळीला उतरू का?"

तिने हे प्रेमानेच म्हटलं होतं, पण दर्पणच्या डोक्यात तिडीक गेली. तेवीस घरांनी, दार लोटून, कानात येऊन, शपथा घालून, एकजात सगळ्यांनी त्याला बनवलं होतं. कंपनीवाल्याचा पोरगा! त्याला झोप आली नाही असं म्हणणं बरं दिसलं असतं, पण तो झोपला, आणि झोपेत त्याला गेटवरचा गुळगुळीत कामगार दिसला, उमरोळीच्या दोन नंबरवर, हातात पापलेट. सकाळी उठून स्कूटर काढली ती थेट दातिवरे. वाटेत त्याने तीन भाषणं तयार केली. एकात तो भिंतीवर चुना फासून निघून जात होता, दुसऱ्यात दिनानाथांच्या हातात तो काळा डबा परत देत होता, आणि तिसऱ्यात रडत होता. तिसरं त्याने लगेच रद्द केलं. आत्या ओट्यावर सुकट निवडत होती. त्याने नकाशा तिच्यापुढे पसरला आणि सगळं सांगितलं. आत्याने निवडणं थांबवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की सून आतून बघायला आली.

"खरी खूण भिंतीला कोन सांगतो रं?" ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. तिने मग सांगितलं ते असं. खूण बाप पोराला देतो, ती पण एकदाच, दर्यातच, तोंडी. जावयाला देत नाहीत. बायकोला देत नाहीत, कारण तिला भाऊ असतात. दिनानाथ तर जीपीएसमध्येसुद्धा आपल्या जागा दुसऱ्यांच्या नावांनी ठेवतो, मागे मशीन बिघडली तर तीन दिवस स्वतःच भलतीकडे जाळं टाकत होता. तू विचारलंस, ते नाय म्हनाले नाय, यातच तुझा मान राखला. दर्पणने विचारलं की मग ही भिंत कशाला, नुसतं खोट्याचं प्रदर्शन. आत्या म्हणाली, ते तू तुज्या अर्जाला विचार. दर्पण सुकटीच्या वासात तसाच बसून राहिला. चुना फासायला हवा, हे त्याला पटलं होतं. पण तीन चौकोन राहिले होते, ब्रश भिजत ठेवलेले होते, आणि अर्धवट भिंत सोडून जाणं वीस वर्षांच्या हाताला जमेना. हाताने त्याला न विचारता बाकीचे तिन्ही चौकोन पुरे केले. उमरोळीचा ताड तर त्याने फारच सुंदर काढला.

एकतीस जुलैला उद्घाटन ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी बोटी सुटणार होत्या. दुसऱ्या दिवशी दर्पणचीही खुर्ची होती, पालघरला, एसीत. हर्षित रूपलला घेऊन आला होता आणि भिंत बघून हे सगळं फ्लेक्सवर दोन तासांत मारून दिलं असतं असं म्हणाला. रूपलने त्याच्याकडे बघितलं तसा तो फोन आल्यासारखं करून लांब गेला. नारळ फुटला. दर्पण एका खांबाआड उभा राहिला. आता हे लोक हसतील, मग घरी जातील, उरल्या पावसात चुना निघेल, आणि पुढच्या वर्षी इथे लघवीबद्दल लिहिलेलं असेल. लोक पुढे सरकले. आणि मग जे झालं त्याची त्याने कल्पना केली नव्हती. आपला चौकोन कोणीच बघेना. सगळे दुसऱ्यांचे बघत होते, बारीक डोळे करून, नाक भिंतीला लावून. एकाने बोटाने हवेत रेघा मारल्या आणि खदखदून हसला. दुसरा म्हणाला, टाकी उजवीकडं बोलतो म्हंजे डावीकडंच असनार. तिसरा म्हणाला की तो माहीत आहे ना कसला, डावीकडे असेल असं आपण म्हणू हे त्याला ठाऊक, म्हणजे उजवीकडेच. लहानथोर, बायका, म्हातारे, सगळे खोट्याची पारख करत होते. अमक्याचं खोटं आळशी, नुसतं उलटं केलंय. तमक्याचं मात्र तीन पिढ्यांचं आहे, त्याचा आजाही हेच सांगायचा. मासळीच्या लिलावाला होत नाही एवढी गर्दी भिंतीपाशी झाली आणि तास उलटला तरी हलेना. एवढ्या सगळ्यांना आपली चित्रं एवढा वेळ बघताना दर्पणने जन्मात पाहिलं नव्हतं. कारखान्यात तर लोक पोस्टरला टेकून डबा खात.

त्याला हसू यायला लागलं होतं, इतक्यात दिनानाथ तांडेल चोविसाव्या चौकोनापाशी थांबले. तो पांढराच होता. सोसायटीचं नाव घालायचं राहिलं होतं, की त्याने राहू दिलं होतं, कोण जाणे. दिनानाथांनी त्याला खांबाआडून हाताने बोलावलं. सगळे वळले.

"तुज्या बापाची खूण काड इथं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "असंल तर."

ते 'असंल तर' दर्पणला सुपारीसारखं दातात अडकलं. दिनानाथ आणि एकनाथ बरोबरीचे. एकनाथला हमखास घोळ मासळी लागायची ती जागा दिनानाथांनी वीस वर्षं शोधली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सापडली नाही म्हणून ती नव्हतीच, एकनाथचं नशीब तेवढं जोरावर होतं, असं ते सांगत हेही माहीत होतं. आता इथे शहाण्या माणसाने काय करावं ते उघड होतं. कळस घ्यावा, टाकी घ्यावी, कशालाही काहीही जोडून मोकळं व्हावं. दर्पणने ब्रश उचलला तेव्हा त्याच्या मनात तेच होतं. पण पहिली निळी पट्टी ओढली आणि हनुवटीवर ती बोटं आली. वीस वर्षं बापाच्या डोक्यावर त्याने हेल्मेट ठेवलं, जे बापाने कधी घातलं नाही. वीस वर्षं त्याच्या तोंडी 'गॉगल लावा' असली वाक्यं घातली, जी तो मेला तरी बोलला नसता. आता खोट्यांच्या भिंतीवर त्याला आणखी एक खोटं द्यायचं? त्याला ते जमेना. त्याने जोडताड काढले आणि त्यांच्या बरोबर मधे कळस. मागे काळदुर्ग, त्याचं टोक बेटाच्या शेपटावर, जसं दिसलं होतं तसं, ओकाऱ्यांच्या मधे. खाली एक छोटी बोट, तीत एक माणूस, बोडक्या डोक्याचा. नाक काढायला जागा नव्हती, तरी त्याने काढलं. बोटीचं नाव काय होतं ते आठवायला त्याला अर्धं मिनिट लागलं. 'जागृती.' ब्रश खाली ठेवून त्याने हात पँटला पुसले. उद्या सकाळी सगळ्या बोटी तिथे असणार. नऊ वर्षांच्या पोराने जे तोंडातून काढलं नाही ते सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने ऑइलपेंटमध्ये काढून ठेवलं होतं.

दिनानाथ पुढे झाले, डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली. आणि मग ते हसले, पोट धरून, आणि त्यांनी दर्पणच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की त्याचा खोकला निघाला.

"बापावर गेला," ते लोकांना म्हणाले. "साफ खोटी. एकनाथ पन असंच बोलायचा, एकदम सरळ तोंडानं."

सगळा गाव हसला. कोणीतरी म्हणालं, हा आपलाच हाय, कंपनीत राहून पन बिघडला नाय. एका बाईने आपल्या पोराला सांगितलं, काकाला चहा दे. दर्पणला घाम फुटला होता आणि आनंदही झाला होता, आणि यातलं कोणतं आधी पुसावं हे त्याला कळेना. दिनानाथ जाता जाता मात्र पुन्हा एकदा वळले. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली होती. चष्मा घरी राहिला आहे, म्हणाले, जेवून येतो, मग नीट बघतो.

लोक जेवायला पांगले. रूपल पडवीत बसून होती. तिने चोविसाव्या चौकोनाकडे बघितलं, हवेत दोन रेघा मारल्या, मग एकदम दर्पणकडे बघितलं, कारण या रेघा समुद्रात कापत होत्या. गणिताच्या बाई होत्या. तेवढ्यात रखमाआत्या काठी टेकत आली. ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू कसा झाला ते दर्पण बघत होता. टायफॉईडच्या सालातला तो एक महिना तिच्या डोळ्यांत आला होता, साठ वर्षांपूर्वीचा, आणि त्यात बाबाने तिचीही हनुवटी धरली असणार. तिने काठी त्याच्या हातात दिली. मग अंगठा जिभेला लावला, लावून उपयोग नाही हे लक्षात येऊन पदराने पुसला, आणि ओल्या रंगातला उजवा ताड अंगठ्याने पुसून टाकला. हिरव्यात बोट बुडवलं आणि तोच ताड चार बोटं डावीकडे, कळसाच्या पार पलीकडे, उभा केला. ताड कसला, तो विजेचा वाकडा खांब दिसत होता.

"आता उमरोळीला गेली बग," आत्या म्हणाली.

दर्पण कसाबसा म्हणाला की आत्या, पण आपल्याकडे बोटच नाही, कोणी नेलं तरी आपलं काय जाणार होतं.

"बोट नाय म्हनून काय झालं?" आत्या म्हणाली. "जागा तर आपली हाय ना." मग तिने अंगठा त्याच्या शर्टाला पुसला आणि काठी मागून घेतली.

दुरून दिनानाथ तांडेल चष्मा पुसत पुसत येताना दिसत होते. दर्पण घाईने खाली बसला, ब्रश हिरव्यात बुडवला आणि आत्याने हलवलेल्या त्या ताडाला एकेक करून नीट झावळ्या काढू लागला.